दुसरी गोळी

"…आणि एकाच्या जागी दोन घेतल्या तर, ताई? फरक लवकर दिसंल का?"

उज्ज्वलानं विचारलं. तिच्या एका हातात पेढ्यांचा पुडा होता, दुसऱ्या हातात औषधाच्या दुकानातली कागदी पिशवी.

मैथिलीला उत्तर माहीत होतं. त्या खोलीत ते दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

ती हातातल्या पेढ्याकडं बघू लागली.

खोली शेवंताक्काची, गडहिंग्लजच्या एका बोळातली. अक्का पोरवयातच देवीला सोडलेली. अर्धं आयुष्य तिनं परडी घेऊन गावोगाव जोगवा मागितला. पुढं गुडघे गेले, तेव्हा शिलाई मशीन घेतलं आणि ब्लाऊज शिवायला लागली. पुरुषाचं अंग घेऊन जन्मलेल्या बाईनं कसं जगावं, यावर ती कधी कुणाशी बोलली नाही. पण तिच्याकडं बसायला जागा होती, आणि ती कुणाला हसत नसे. तेवढ्यावर आजूबाजूच्या गावांतल्या पोरी दर रविवारी तिच्याकडं जमायला लागल्या.

मैथिली आजऱ्याहून यायची. सोमवार ते शनिवार ती तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे सर होती. रविवारी अक्काकडं आली की अंगातला शर्ट खिळ्याला अडकवायची, सलवार-कमीज घालायची, आणि मगच कुणाशी बोलायची.

डॉक्टरांकडं जायच्या आधी काय काय करावं, हे पोरींना तीच सांगायची. मानसोपचाराच्या डॉक्टरांसमोर घाबरून खोटं का बोलू नये. दाढीचं लेझर आधीपासून का सुरू करावं. पुढंमागं स्वतःचं मूल हवंसं वाटलं तर त्याची सोय औषधं सुरू होण्याआधीच करून ठेवावी लागते, हे ऐकून पोरी लाजल्या की ती वर्गातल्यासारखी दरडावायची. घरी सांगायचंच असेल, तर आधी कुणाला सांगायचं ते ठरव. आणि त्या दिवशी घराबाहेर काढलं तर झोपशील कुठं, तेही ठरव. मग तोंड उघड.

तिचं ऐकून तिघी पुढं गेल्या. मैथिली मात्र होती तिथंच होती.

विद्यार्थी असताना तिच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती. या औषधांनी गुठळीचा धोका वाढतो; तेवढं एक कारण पुरलं. आधी रक्ताच्या डॉक्टरांना दाखवू, मग ठरवू, असं तिचे डॉक्टर म्हणाले. ते दाखवणं, तपासणं आणि पुन्हा थांबणं यातच दुसरं वर्ष सरत आलं. नाही असं कुणी म्हणत नव्हतं. हो असंही कुणी म्हणत नव्हतं.

आणि ही उज्ज्वला. निपाणीची. मागच्या दिवाळीनंतर आली, तेव्हा तिला धड 'हार्मोन' म्हणता येत नव्हतं. मैथिलीनं तिला हाताला धरून सगळं शिकवलं. तपासण्यांना बरोबर गेली, डॉक्टरांशी कसं बोलायचं ते सांगितलं. आज तिला पहिलं औषध मिळालं होतं.

पेढा मैथिलीच्या हातात तसाच होता. ओला व्हायला लागला होता.

त्यातही सगळ्यात जास्त खुपायची ती उज्ज्वलाची बोली. मैथिलीनं वर्षभर आरशासमोर उभं राहून 'आले', 'गेले', 'बसले' घोटलं होतं. एकदाही जीभ घसरू नये म्हणून. उज्ज्वला मात्र सरळ 'आलो की ताई', 'जातो की ताई' म्हणायची. तिची आई तसंच बोलायची, आजी तसंच बोलायची, त्या भागातल्या कितीतरी बाया तसंच बोलतात. आणि ती 'आलो' म्हणाली, तरी ऐकणाऱ्याला ती पोरगीच वाटायची.

"ताई? सांगा की. दोन घेतल्या तर?"

"ताई?"

"तुझं शरीर आहे," मैथिली म्हणाली. "बघ तुझं तू."

उज्ज्वला जराशी हिरमुसली. मग तिचं तिनंच काहीतरी ठरवलं, हसली, आणि पिशवी छातीशी धरून एस.टी. गाठायला निघाली. बाकीच्या पोरीही तिच्यामागं उठल्या.

इतका वेळ चाललेलं अक्काचं मशीन थांबलं.

"काय विचारत होती गं ती?" शेवंताक्कानं विचारलं.

"ऐकलंस की तू."

"मला त्यातलं कळत न्हाई. म्हणून तुला विचारतो."

"एकाच्या जागी दोन गोळ्या घेऊ का, म्हणाली."

"घ्यायच्या व्हय?"

मैथिलीनं पेढा खिडकीत ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "त्या गोळीनं रक्तदाब उतरतो. जास्त घेतली तर चक्कर येते, माणूस पडतं. रक्तातले क्षार बिघडले तर काळजावर येतं."

"मग तसं का म्हणाली न्हाईस?"

"तिला आधी का, अक्का?"

अक्कानं सुईतला दोरा सोडवला.

"तिला काय माहीत होतं? सगळं मी दिलं तिला. माझ्यामुळं ती दवाखान्याची पायरी चढली. पहिल्यांदा आली तेव्हा मान वर करून बघत नव्हती, आणि आज माझ्याच समोर पेढे वाटते. मी काय रस्त्यावरची पाटी आहे का? सगळ्यांनी माझ्याकडं बघून गाव गाठायचं, आणि मी आपली उन्हात उभी."

अक्कानं मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"तिचा तो चेहरा बघितलास? अजून धड दाढी आली नाही. मी तिशीला आले. रोज थोडी थोडी जास्तच पुरुष होत चालले आहे मी, अक्का. रोज. आणि तिला एक दिवससुद्धा थांबायचं नाही. दोन घेऊ का म्हणते. घे म्हणावं. होऊ दे काय व्हायचं ते."

बोलून झालं आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं.

शेवंताक्का गुडघ्यांवर हात टेकून उठली. भिंतीपर्यंत गेली. खिळ्याचा शर्ट काढला, झटकला, आणि मैथिलीच्या मांडीवर आणून ठेवला.

मैथिली शर्टाकडं बघत राहिली.

"आज रविवार आहे, अक्का."

अक्का पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

फोन करायची सोय नव्हती. उज्ज्वलाचा फोन तिचा भाऊ बघायचा. घरी असताना कुणी फोन करायचा नाही, निरोप धाडायचा नाही, हा नियम मैथिलीनंच घालून दिला होता. आणि निपाणीच्या त्या घरात मैथिली म्हणून जाऊन चालणार नव्हतं. गेली तर कुणीतरी सर म्हणूनच जायला हवं होतं.

आठवड्यातला तो एकच दिवस तिचा होता.

तिनं कमीज काढलं. शर्ट चढवला, बटणं लावली. अक्कानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

एस.टी.त ती खिडकीशी बसली. वाटेत दोनदा तिला उतरून परत फिरावंसं वाटलं. एकदा वाटलं, दोन गोळ्यांनी काय मरते का पोरगी. लगेच वाटलं, आणि मेली तर. शेजारच्या माणसानं विचारलं, "साहेब, निपाणी स्टँडला उतरणार?" तिनं मान हलवली.

विचारत विचारत तिनं घर शोधून काढलं. अंगणात उज्ज्वलाची आई विड्या वळत बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू.

"कोण पायजे?"

"मी आजऱ्याच्या कॉलेजात शिकवतो," मैथिली म्हणाली. तो शब्द दातांत अडकला, तरी ती म्हणाली. "तुमच्या मुलाशी थोडं काम होतं. परीक्षेबद्दल."

"या की सर, बसा. आलाय मघाशीच, पण आडवा झालाय. गरगरतंय म्हणतोय. सकाळपासनं उपाशी असंल."

मैथिली चप्पल काढायची विसरली.

आत उज्ज्वला भिंतीकडं तोंड करून पडली होती. हाक ऐकून तिनं वळून बघितलं, पण ओळखायला तिला वेळ लागला. शर्टातली मैथिली तिनं कधी बघितलीच नव्हती.

"घेतल्यास?" मैथिलीनं हळू विचारलं.

"स्टँडवरच घेतल्या. दोन्ही." उज्ज्वलाचा आवाज बारीक झाला. "उठलो की डोळ्यांपुढं अंधारी येतीया."

मैथिली तिथंच जमिनीवर बसली. आपल्या फोनवरून तिनं कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी दोन प्रश्न विचारले, मग सांगितलं. आज आणखी एकही घ्यायची नाही. पडून राहू दे, एकदम उठू देऊ नका. छातीत धडधडलं किंवा शुद्ध हरपायला लागली तर माझी वाट बघू नका, जवळचा दवाखाना गाठा. आणि उद्या सकाळी तिला घेऊन या, रक्त तपासायचं आहे.

मैथिलीनं ते शब्दाला शब्द उज्ज्वलाला सांगितलं. आईनं चहा आणून ठेवला आणि ती पुन्हा सुपाकडं गेली.

"दोन घेऊन बाई लवकर होत नाही," मैथिली म्हणाली. "लिहून दिलंय तेवढीच घ्यायची. अंगाला हळूहळूच कळतं. महिने जातात, वर्षं जातात. मध्ये मध्ये वाटतं, काहीच होत नाहीये. तेव्हाही तेवढीच."

"मग मघाशी का सांगितलं न्हाईसा?"

मैथिलीनं चहाकडं बघितलं.

"तुला मिळालं म्हणून," ती म्हणाली. "मला माहीत होतं काय होईल ते. तरी बोलले नाही."

उज्ज्वलानं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

बाहेर आई कुणाशी तरी बोलत होती. पोराचे सर आलेत, आजऱ्याहून आलेत, बघा किती काळजी. मैथिलीला ते ऐकवेना. उठावं की बसावं, तेही कळेना. ती बसून राहिली.

पुष्कळ वेळानं भिंतीकडूनच आवाज आला.

"उद्या कोल्हापूरला तुम्हीच येणार?"

"येते."

"शर्टातच यावं लागंल. घरात परीक्षेचं सांगतो. दादा येईल सोडायला स्टँडपातूर."

"येते."

"मी तुमच्याशी बोलणार न्हाई पण."

"नको बोलूस."

मैथिली गडहिंग्लजला परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. शेवंताक्का भात लावून बसली होती. तिनं ताट वाढलं. मैथिली हात धुऊन बसली, पण घास उचलला नाही.

"घेतल्या होत्या तिनं," ती म्हणाली. "बरी आहे आता. उद्या रजा टाकून तिला घेऊन जाते."

"बरं."

"तिला खरं काय ते सांगितलं."

"बरं."

"ती काही म्हणाली नाही. उद्याही बोलणार नाही."

अक्कानं तिच्या भातावर आमटी वाढली.

"मला वाटलं, एवढं केलं की ते जाईल. आतलं." मैथिलीनं छातीवर हात ठेवला. "पण नाही गेलं, अक्का. ती तिथं पडली होती, चेहरा पांढराफटक, आणि मी काय बघत होते माहीत आहे? तिच्या गालावरची लव. तेव्हासुद्धा."

"जेव."

"उद्या त्या दवाखान्यात मी तिच्या शेजारी बसणार. तिचं रक्त घेतील. मला कुणी आत बोलावणार नाही. तेव्हा पुन्हा जळेल. मला माहीत आहे. तरी जायचं?"

अक्का आपल्या ताटातला भात कालवत राहिली. दिव्याच्या उजेडात तिच्या हनुवटीवरचे जुने डाग दिसत होते, चिमट्यानं केस उपटून उपटून पडलेले. तिच्या वेळी असले डॉक्टर नव्हते. ते आले, तोवर तिला साखरेचा आजार जडला होता आणि काळीज अधू झालं होतं. या वयात नको, असं त्यांनी तिला एकदाच सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

मैथिली तिच्याकडं बघत होती. इतक्या रविवारांत हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"अक्का…"

"काय गं?"

"आम्ही येतो. तुझ्यासमोर बसून गोळ्यांचं बोलतो, लेझरचं बोलतो. एकेक पोरगी पुढं जाते. पेढे आणते." ती थांबली. "तुला कधी… आम्हाला बघून…"

शेवंताक्कानं घास खाली ठेवला.

"दर आयतवारी," ती म्हणाली. "उजाडल्यावर मन फिरायला नको, म्हणून तर दार फाटंचंच उघडून ठेवतो."