आबांच्या पंचाहत्तरीचं भाषण

आडवाडी गावात मुरलीधर नावाचा एक भोळा गडी राहायचा. आमच्या गावात शहाण्यांची गर्दी आहे अशातला भाग नाही, पण मुरलीधर आम्हांलाही पुरून उरायचा. सांगितलेलं अक्षरशः करायचा आणि नेमकं नको तिथे करायचा.

त्याचे आईवडील, आक्का आणि आबा, जन्माचे छत्रीवाले, म्हणजे छत्री निशाणीच्या पार्टीचे. मुरलीधर बादलीवाला. एका निवडणुकीत जेवता जेवता तो म्हणाला, “आबा, तुमच्या छत्रीला भोकं पडल्यात.” आबांनी ताट सरकवलं आणि त्याच्याशी बोलणंच टाकलं. मीठ हवं असलं तरी सुनेला म्हणायचे, “शेवंता, त्याला सांग, मीठ सरकव.” मीठ मुरलीधरच्या हाताशीच असायचं. आबांनी पुन्हा एकदा आपल्याशी बोलावं म्हणून त्याचा जीव तीळतीळ तुटायचा.

शेवंता म्हणाली, “अवं, म्हाताऱ्या माणसांशी वाद कशाला? ती काय बी म्हणू देत, ‘बरोबर हाय तुमचं’ म्हणायचं.”

दुसऱ्या दिवशी आक्का भाकरी थापता थापता म्हणाली, “थकले रं आता. माझा काय उपयोग ह्या घराला?”

मुरलीधर म्हणाला, “बरोबर हाय तुझं, आक्का.”

आक्काने काठवट उचलली. मारली नाही, पण त्या दिवशी भाकरीही मिळाली नाही.

शेवंताने डोक्याला हात लावला. “अशा वक्ताला म्हणायचं, ‘असं बोलू नगं. अजून लई वर्षं काढायचीत.’”

“माझं डोस्कं म्हंजे निव्वळ भोपळा,” मुरलीधर म्हणाला, आणि वाक्य पाठ केलं.

चार दिवसांनी आक्का आपणहून त्याच्याजवळ आली. तोंडभर हसत म्हणाली, “आबा आज विचारत हुते, ‘जेवला का त्यो?’ संपत आला बघ तुमचा अबोला.”

“असं बोलू नगं, आक्का,” मुरलीधर मोठ्यांदा म्हणाला. “अजून लई वर्षं काढायचीत!”

आबा दाराआडच उभे होते. विरघळत आलेला माणूस पुन्हा दगड झाला.

“अवं,” शेवंता रडकुंडीला येऊन म्हणाली, “चांगली बातमी आली की मान्साचं तोंड गोड करावं. हातावर पेढा ठेवावा!”

मुरलीधरने पेढे आणून ठेवले आणि चांगल्या बातमीची वाट बघत बसला. आठवड्याने ती आली. पंचायत समितीला बादली निवडून आली, छत्री आपटली. मुरलीधर धावत घरी गेला आणि पार्टी हरली म्हणून उपाशी बसलेल्या आबांच्या हातावर त्याने दोन पेढे ठेवले. आबांनी ते अंगणात भिरकावले. कुत्र्याने मात्र बातमी आनंदाने स्वीकारली.

आता शेवंताचाही धीर सुटला. “दुसऱ्या पार्टीच्या मान्साबद्दल कसं बोलावं ते पुढाऱ्यांकडनं शिका जरा! परवा छत्रीवालं तात्या गेलं, तर तुमचं बादलीवालं शोकसभेत किती ग्वाड बोललं! जन्मभर भांडली ती, पर एक वाकडा शबुद न्हाई. तसं बोला की आबांबद्दल!”

मुरलीधरला पटलं. ते भाषण त्याने जसंच्या तसं घोकलं.

महिन्याभरात आबांची पंचाहत्तरी आली. दारात मांडव पडला, सगळा गाव जमला. आबा शाल पांघरून खुर्चीत बसले. माइक मुरलीधरच्या हातात गेला, तसे आबांनी तोंड फिरवलं. बादलीवाल्याचं भाषण ऐकायचं नाही म्हणून ते शेजारच्या गुरवाशी उसाच्या तोडीबद्दल बोलत राहिले.

मुरलीधरने घसा खाकरला. “आबांचं आणि माझं मतभेद हुते, मनभेद न्हवते. असा दिलदार माणूस पुन्हा होणे न्हाई. त्यांच्या जाण्यानं आडवाडीत कधीच न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.”

मनापासूनच बोलत होता तो. डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. शेवंताने पदर तोंडात कोंबला.

“आता आपण समद्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं ऱ्हावं.”

सभेची सवय वाईट. सगळा मांडव उभा राहिला. आबांनी तर उभी हयात सभांत घालवलेली. तेही शाल सावरून उठले, टोपी काढली आणि मान खाली घालून उभे राहिले.

थोड्या वेळाने आबांना राहवेना. अबोला विसरून ते मुलाच्या कानाशी वाकले आणि कळवळून म्हणाले, “मुरल्या, कोण गेलं रं?”

इतक्या दिवसांनी आबा बोलले! मुरलीधरला आभाळ ठेंगणं झालं. माइक तोंडापुढेच होता.

“तुमीच की, आबा!”