फुले वाहिलेली होडी

पूर्वी शूर्पारक बंदरात अरिंदम राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व नंदिसेन या नावाने तेथल्या नौकाशाळेत शिकवीत असे. त्याच शाळेत कुंडक नावाचा जुना आचार्य होता, आणि त्याच्या पोटात दुखत होते.

दुखण्याला कारण होते. कुंडकाच्या वर्गात शिष्य मापे घोकत. लाकूड कुठले, दोर कोणता, गाठ कशी, सारे ठरलेले. आजोबांनी बांधले तेच गलबत नातवाने बांधावे, यात त्याला धन्यता वाटे. नंदिसेनाकडे मात्र लाकूड तासायचा वाकस हातात येण्याआधी चित्रे काढावी लागत, माती मळावी लागे, लाटांच्या ठेक्यावर गाणी रचावी लागत. मग सुपारीच्या विरीची, म्हणजे गळलेल्या झावळीच्या रुंद देठाची, एक चिमुकली होडी करायची, आजवर कोणी केली नसेल अशी, आणि खाडीत सोडायची; ती कलंडली की सगळे हसत. त्या हशात कुंडकाची घोकंपट्टी ऐकूच येईनाशी होई. आपले शिष्य खिडकीकडे माना वळवतात हे त्याला दिसे, आणि मग अन्न गोड लागत नसे. नावडतीचे मीठ अळणी. नंदिसेनाने वाकून नमस्कार केला तरी तो त्याला कुचकट वाटे.

शेवटी तो राजाकडे गेला. "महाराज, आपले अन्न खाऊन पोरे खेळतात. ही नौकाशाळा आहे की जत्रा?"

त्याच वर्षी खाडीच्या मुखाशी वाळू साचली आणि जुन्या घडणीची गलबते रुतू लागली. राजा म्हणाला, "मालाने भरलेली होडी जो वाळूपलीकडे नेईल, त्याचीच विद्या इथे चालेल. दुसऱ्याने शाळा सोडावी." बंदराची रीत अशी होती, की नव्या होडीच्या पहिल्या फेरीला बांधणाऱ्याने स्वतः बसायचे.

 कुंडकाला एकच गलबत बांधता येत होते, आणि ते तर वाळूत रुतत होते. नवे काही सुचवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

एका दुपारी शिष्य जेवायला गेलेले पाहून तो नंदिसेनाच्या खोलीत शिरला. भिंतीवर फळी होती, फळीवर विरीच्या होड्या मांडलेल्या, आणि मधल्या होडीपुढे सोनचाफ्याची ताजी फुले. होडी कमळाच्या पानासारखी पसरट, काठ अगदी बुटके. 'हीच याची लाडकी,' कुंडक मनाशी म्हणाला, 'लबाडाने देव्हाऱ्यात बसवली आहे!' त्याने दोरीने मापे घेतली. मापे घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तशी होडी पाण्यात सोडून पाहण्याचा पोरखेळ मात्र त्याने केला नाही.

किनाऱ्यावर होडी उभी राहू लागली आणि नंदिसेनाने ती ओळखली. तो गप्प राहिला असता तर शाळा त्याचीच होती. संध्याकाळी तो कुंडकाच्या दारी गेला.

"आचार्य, ही होडी समुद्रात घालू नका. त्या फळीवर आम्ही फक्त बुडालेल्या होड्या ठेवतो. जिने सर्वांत जास्त शिकवले, तिला फुले वाहतो. हिचे काठ बुटके आहेत, लाट आत येते. काठ चढवून घ्या, माझे शिष्य मदतीला येतील."

"बुडालेलीला फुले?" कुंडक हसला. "कोणाला सांगता! माझी होडी पाहून पोटात गोळा आला तुमच्या." काविळीच्या रोग्याला सगळे जग पिवळे, तसे झाले.

परीक्षेच्या दिवशी राजा किनाऱ्यावर बसला. कुंडकाची होडी वाळूवरून सुळकन पलीकडे गेली. लोकांनी जयजयकार केला. कुंडकाने वळून पाहिले ते समुद्राकडे नव्हे, मागून आपल्या होडीत येणाऱ्या नंदिसेनाच्या तोंडाकडे. तिथे त्याला हेवा पाहायचा होता. पण ते तोंड काळजीने पांढरे पडले होते.

तेवढ्यात मोठी लाट आली आणि काठावरून आत शिरली. दुसऱ्या लाटेला होडी तळाशी गेली. नंदिसेनाने शिष्यांना आपला सारा माल पाण्यात लोटायला लावला, होडी हलकी केली, वाळू ओलांडली आणि कुंडकाला केसांना धरून वर ओढले.

राजा म्हणाला, "नंदिसेना, माल टाकलास. तूही हरलास."

"हरलो, महाराज. पण आचार्यांची होडी बुडाली आहे. आमच्या रीतीप्रमाणे तिला फळीवर जागा मिळावी."

राजाने भिजलेल्या कुंडकाकडे पाहिले. मग म्हणाला, "जी विद्या बुडत्याला बाहेर काढते, ती मी कशी बंद करू? दोघेही राहा."

भरतीने किनाऱ्याला लावलेला त्या होडीचा एक तुटका तक्ता शिष्यांनी फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी कुंडक त्याच्यापुढे उभा राहिला. तक्त्यावर सोनचाफा होता.

"ही फुले कोणी वाहिली?"

"आम्हीच," शिष्य म्हणाले. "आचार्य, एवढी मोठी होडी आम्हाला कधी बुडवताच आली नव्हती."

कुंडक ढसाढसा रडला. मग जमिनीवर बसून म्हणाला, "मलाही एक विरी द्या." त्याची होडी खाडीत पडताच कलंडली, आणि सगळ्यांआधी तोच हसला.

एवढी कथा विहारातल्या भिक्षूंना सांगून शास्ता भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, शेजाऱ्याचे गोड गाथापठण ऐकून ज्याने आज हेव्याने जेवण नाकारले आणि भिक्षापात्र पालथे घातले, तोच तेव्हाचा कुंडक. राजा म्हणजे या विहाराचा दाता, शिष्य म्हणजे तुम्ही सारे, आणि नंदिसेन मीच होतो. हेवा करणाऱ्याचेही भले चिंतणे, ही मैत्रीची पारमिता, तिची परिपूर्णता."

तेव्हा मागच्या रांगेतला एक भिक्षू उठला, त्या गाथा म्हणणाऱ्या भिक्षूपाशी जाऊन बसला आणि हळूच म्हणाला, "ती गाथा मलाही शिकवाल?"