घुमटाकडे वळलेले कर्णे

एकदा एका वृद्ध ध्वनियोजकांनी देवळातल्या उत्सवाची सारी व्यवस्था आपल्या शिष्यावर सोपवली आणि स्वतः श्रोत्यांत जाऊन बसले. शिष्य उत्साही होता. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याने लाऊडस्पीकरचे कर्णे उंच बांधले आणि त्यांची तोंडे घुमटाकडे केली. देऊळ घुमले नाही तर उत्सव कसला, अशी गावाची पक्की समजूत.

त्या दिवशी कीर्तनाला एक वयस्क बाई उभ्या होत्या. घशाच्या शस्त्रक्रियेनंतरचे हे त्यांचे पहिलेच कीर्तन. आवाज चढवाल तर कायमचा गमवाल, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती आणि ती शिष्याला ठाऊक होती.

थोड्याच वेळात मागून ओरड आली की काही कळत नाही. शिष्याने आवाज वाढवला, तसे शब्द घुमटात जाऊन एकमेकांत कालवले गेले. त्याने आणखी वाढवला, तर कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली. मागची मंडळी चपला शोधू लागली. त्यांना थांबवण्यासाठी बाई घसा ताणू लागल्या.

तेव्हा वृद्ध उठले आणि त्यांनी आवाज चक्क निम्म्यावर आणला. म्हातारपणी यांची बुद्धी चळली की काय, असे शिष्याला वाटले. मग वृद्धांनी शिडी लावून घेतली, कर्णे खाली झुकवून मागच्या रांगांकडे फिरवले आणि बाईंना हळू बोलण्याची खूण केली.

बाईंनी अगदी घरगुती स्वरात एका आळशी जावयाची गोष्ट सांगितली. पहिले हसू उमटले ते मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या बायकांत.

कीर्तन संपल्यावर शिष्याने विचारले, "अण्णा, लोकांना कळत नव्हतं आणि तुम्ही आवाज कमी केलात?"

"आवाज भरपूर होता रे," वृद्ध म्हणाले. "तो तू घुमटाला देत होतास. घुमट त्याचं काय करणार? त्यानं तो परत बाईंच्या माईकवर टाकला, म्हणून ती शिट्टी. कर्ण्याचं तोंड माणसांकडे असलं की थोडक्यात भागतं. ओरड झाली तेव्हा तू बटणाकडे पाहिलंस. मागे कोण बसलंय ते पाहायला हवं होतंस."

इतक्यात बाई प्रसाद घेऊन आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "उद्याही उभी राहीन म्हणते."

दुसऱ्या दिवशी कर्णे बांधायची दोरी हाती घेण्यापूर्वी शिष्य मागच्या भिंतीशी जाऊन बसला आणि तिथून कर्ण्यांकडे पाहत राहिला.

आपणही घरात आवाज चढवण्यापूर्वी आपले तोंड कुणाकडे आहे, हे एकदा पाहून घ्यावे.