मोगऱ्याच्या मळ्यातली टीचभर परी

बाळांनो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करा. शब्दही साधेच आहेत. पण गोष्ट माझ्या आईची आहे, म्हणून मान वर करून सांगतो.

आम्ही फार गरीब होतो. आई मळ्यात मोगऱ्याच्या कळ्या खुडायची. झुडपं गुडघ्याएवढी, पण बसून खुडणारीला तिथे आळशी म्हणत. म्हणून साऱ्या बायका सकाळभर कमरेतून वाकून खुडत. एक दिवस आईची कंबर अशी धरली की तिला सरळ होता येईना. मुकादमीण कोंडाबाईने बजावलं, उद्या ओळ पुरी झाली नाही तर ती दुसरीला देईन.

त्याच दिवशी आईला घरी निजवून मी एकटाच भरभर कळ्या खुडू लागलो. तर एका झुडपात, कोळ्याच्या चंदेरी जाळ्यात, एक टीचभर परी अडकलेली. पंख गुलाबी-निळे, पायांत इवले इवले पैंजण. काम मागे पडलं, तरी मी एकेक धागा हळूच सोडवला.

"एक इच्छा माग," ती म्हणाली.

मला लाल चपला हव्या होत्या. पण मी म्हणालो, "आईची कंबर बरी कर."

"आजचं दुखणं मी नेते. ते परत येऊ नये म्हणून मात्र तुम्हीच रोज नियम पाळायचे."

तिने दवाचा टपोरा थेंब उचलून दाखवला. आधी गुडघे वाकवले, थेंब पोटाशी धरला, मग पाठ ताठ ठेवून उठली. खालचं काम उकिडवं बसून करायचं, म्हणाली, आणि मधूनमधून उठून चार पावलं चालायचं. मग सोनेरी उजेड झाला, आणि त्यात ती विरून गेली.

घरी आई सरळ उभी होती. नियम ऐकून मात्र तिचा चेहरा उतरला.

"बसले तर बाया हसतील रे, दिगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी ओळीत जाऊन उकिडवा बसलो. कोंडाबाई म्हणाली, "आले बघा राजेसाहेब. पाट देऊ का बसायला?" बायका हसल्या. माझे कान तापले, पण मी उठलो नाही. थोड्या वेळाने शेजारी बांगड्या वाजल्या. आई येऊन बसली होती.

ऊन चढायच्या आत ओळ पुरी झाली. ओळ आईचीच राहिली. मी टोपली पोटाशी धरली, गुडघ्यांतून उठलो, आणि साऱ्या मळ्यासमोरून आईच्या पुढे ताठ चालत गेलो.