नमद्यातली ओल

एकदा एका धान्याच्या व्यापाऱ्याची गाडी पुरात सापडली. गाडी जुनी, त्याच्या वडिलांची. वडील जाऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून ती छपरीत कापड पांघरून उभी होती. पाणी सीटपर्यंत चढलं, ओसरलं, आणि मागे चिखलाचा वास ठेवून गेलं.

गावात गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध वस्तादांकडे ती आली. त्यांनी काम सोपवलं सुदामवर. बारा वर्षं हाताखाली काढल्यावर सुदामला अख्खी गाडी प्रथमच एकट्याला मिळाली होती, त्यामुळे त्याने जीव ओतला यात नवल नाही. दोन दिवसांत चिखल काढला, ब्लोअर लावून सीटा आणि गालिचा वाळवला, सुगंधाची डबी ठेवली आणि काचा लावून घेतल्या.

शेठ आले. आत हात फिरवून म्हणाले, "छान. आजच नेतो आणि छपरीत लावून कुलूप घालतो."

"चालवणार नाही?" वस्तादांनी विचारलं.

"नाही. आई सारखी म्हणते, एकदा मला त्यांच्या गाडीत बसव. पण तिला त्रास होईल. मी आपला उद्या-परवा म्हणून टाळतो."

वस्ताद गाडीत वाकले. त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचं एक पान गालिच्याखाली सरकवलं आणि सुदामला वर गुडघा टेकायला सांगितलं. पान बाहेर काढलं तर ओलंचिंब. सुदामचा चेहरा पडला.

मग त्यांनी सीटा, गालिचा, त्याखालचा दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा असं सगळं उचकटून गच्चीवर भाद्रपदाच्या उन्हात पसरायला लावलं. आणि शेठना म्हणाले, "रोज सकाळी येऊन हे तुम्ही उलटंपालटं करायचं. माझा माणूस हात लावणार नाही."

सुदामला वाटलं, म्हातारपणाने वस्तादांचं डोकं फिरलं. गिऱ्हाइकाला कोणी कामाला लावतं का? शेठनाही ते रुचलं नव्हतं, पण वस्तादांचा शब्द मोडायची गावात पद्धत नव्हती.

पहिल्या दिवशी शेठनी दोन बोटांनी नमदा उलटला आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी थोडे टेकले. तिसऱ्या दिवशी चालकाच्या सीटवरून हात फिरवता फिरवता आपणहून बोलू लागले.

"मला गाडी शिकवताना बाबा शेजारी बसायचे. क्लच सोडायची वेळ आली की माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचे. सावकाश, म्हणायचे. एवढंच. कधी ओरडले नाहीत. बाजारच्या दिवशी परतताना शेव घ्यायचे आणि घर येईपर्यंत आम्ही दोघं ती संपवायचो, मग आई..."

सव्वा वर्षात हा माणूस एकदाही रडला नव्हता. गावात त्याच्या धीराचं कौतुक झालं होतं. आता तो गच्चीवर बसून लहान मुलासारखा रडत होता आणि सुदामला कुठे पाहावं ते कळेना.

शेठ गेल्यावर वस्ताद म्हणाले, "सुदाम, तुझं काम वाईट नव्हतं, घाई वाईट होती. वरचं वाळलं आणि ओल खाली दडून बसली. तुझ्या घरी वाळवण घालतात ना? एका अंगाने वाळलेला पापड डब्यात गेला तर सगळा डबा बुरसतो. पाणी गाडीत एकच रात्र होतं. पण दारं बंद करून ठेवली असती, तर ते वर्षानुवर्षं राहिलं असतं. ऊन लागायला आधी उघडावं लागतं, बाबा. शेठना या कामाला का लावलं, ते तू पाहिलंसच."

सुदामने मान हलवली.

पाचव्या दिवशी गाडी जोडून झाली आणि शेठ आईला घेऊन आले. म्हातारी पुढच्या सीटवर बसली आणि कितीतरी वेळ समोर पाहत राहिली. शेठचा हात किल्लीवर अडला.

"आई, त्रास होतोय का? नको जायला?"

"होतोय," ती म्हणाली. "होऊ दे. काच खाली कर, आणि नदीच्या रस्त्याने घे."