नंदिसेनाचा राघू आणि तांब्याची नाणी

पूर्वी मेघावती नगरीत सुरुची नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राघूच्या जन्मास आले आणि नंदिसेन श्रेष्ठींच्या ओसरीवर पिंजऱ्यात राहू लागले.

त्या काळी नगरीत खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला होता. आत तांबे आणि वर चांदीचा पातळ पत्रा. नंदिसेनांनी घरीच परीक्षा आरंभली. आधी नाणी चावून पाहिली, तर दाढ हलली. मग त्यांची बायको विशोका हिने चिंच आणि राख लावून ती घासली, तर खरी-खोटी सगळीच लखलखू लागली. शेवटी एकेक नाणे पाट्यावर टाकून पाहिले, तेव्हा तिला भेद कळला. चांदीचे नाणे खण्णकन वाजे आणि नाद रेंगाळे. तांब्याच्या पोटाचे नुसते बद्द करी.

अडचण एकच. शेठजी कानाने मंद होते. त्यांना खण आणि बद्द सारखेच. पण राघू ऐकलेला आवाज जसाच्या तसा, गल्लीला ऐकू जाईल असा काढी. मग काय, शेठजींना जणू नवे कानच फुटले! सारी आळी नाणी घेऊन ओसरीवर येऊ लागली, आणि राघूच्या शब्दावर शेठजींची पत वाढली.

एकदा परगावच्या व्यापाऱ्याने शेठजींच्या किडक्या तांदळाला दुप्पट भाव दिला. शेठजींनी हर्षाने थैली कमरेला बांधली. घरी येऊन नाणी पाट्यावर टाकली, तर राघू म्हणे बद्द, बद्द, बद्द.

"द्या तांबटाला," विशोका म्हणाली. "घंगाळ तरी होईल."

"तांब्याच्या भावाने देऊ?" शेठजी कळवळले.

शेजारची पिंगला कुंभारीण दुसऱ्या दिवशी गाय विकायला येणार होती. तिची भट्टी ढासळली होती आणि ती पुन्हा उभी करायला म्हातारीपाशी त्या गायीवाचून काही नव्हते. शेठजींनी राघूपुढे सोललेले डाळिंब ठेवले. "उद्या प्रत्येक नाण्याला खण म्हणायचे. बद्द म्हणालास तर मान मुरगाळीन."

बोधिसत्त्वांनी डाळिंबाला चोच लावली नाही. म्हातारीची गाय फुकट जाऊ द्यायची नव्हती, आणि ज्याचे दाणे खाल्ले त्या धन्याची चारचौघांत नाचक्कीही नको होती. धन्यानेच खरे बोलावे, एवढीच त्यांना आस होती.

सकाळी पिंगला गाय घेऊन आली. मागोमाग आळीही आली. शेठजींनी नाणे टाकले. राघू गप्प. दुसरे टाकले. राघू गप्पच.

"राघूला बरं नाही वाटतं," कोणीसे म्हणाले.

"नसू दे," पिंगला म्हणाली. "शेठजी, तुम्हीच सांगा. तुमचा शब्द मला पुरे."

राघूने मान वाकडी करून धन्याकडे पाहिले. शेठजी क्षणभर घुटमळले. मग त्यांनी छातीवर धपकन हात मारला. "आजी, हा नंदिसेन अस्सल चांदी आहे! आतबाहेर एक!"

"बद्द!" राघू ओरडला.

आळी हसून लोटपोट झाली. "काय म्हणाला?" शेठजींनी कानामागे हात धरला.

"बद्द म्हणाला! तुम्हाला!" विशोका दारातून ओरडली.

पिंगलेने नाणे उचलून त्याची कड पायरीवर घासली, तर आत लालभडक. लोकांचे पितळ उघडे पडते, शेठजींचे तांबे पडले. पोपट बापडा पिंजऱ्यात, आणि पोपट झाला तो शेठजींचा!

शेठजींनी संतापून पिंजऱ्यात हात घातला. राघू जागचा हलला नाही.

"धनी, मी दोनदा गप्प बसलो," तो हळूच म्हणाला. "तेवढ्यात तुम्ही खरं बोलाल असं वाटलं होतं."

एवढे हळू बोललेले शेठजींना कसे ऐकू गेले कोण जाणे. त्यांचा हात सैल झाला. ते आत गेले, घरातली राखून ठेवलेली नाणी घेऊन आले आणि एकेक पाट्यावर टाकू लागले. दर वेळी राघूने सारी ओसरी दणाणेल असे "खण्ण" म्हटले. पिंगला पदरात चांदी घेऊन भट्टीकडे गेली. खोटी नाणी तांबटाकडे गेली, त्यांचे घंगाळ झाले, आणि त्यातल्या पाण्याने शेठजींनी जन्मभर आंघोळ केली.

जमलेल्या भिक्षूंना ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची पिंगला म्हणजे आज ज्याला चीवर, म्हणजे अंगावरचे वस्त्र, मिळाले तो पाहुणा भिक्षू. विशोका म्हणजे ते चीवर उलटून पाहणारी उपासिका. नंदिसेन म्हणजे समोर बसलेला हा भिक्षू तिस्स, ज्याने विरलेले चीवर रंगवून नवे म्हणून त्या पाहुण्याच्या गळ्यात मारले. आणि राघू मीच होतो. प्राणावर बेतले तरी खरे तेच बोलावे, आणि ज्याचे चुकले त्याला सावरायला अवसर द्यावा. हीच सत्याची पारमिता, सत्याची पराकाष्ठा."

आपण निर्दोष आहोत हे सांगायला तिस्साने छातीवर मारण्यासाठी हात उचलला होता. तो त्याने हळूच खाली घेतला.