गंजकी किल्ली आणि दोन वाडगे

वस्तू बोलायच्या आणि माणसं गप्प बसायची, त्या शहाण्या काळातली गोष्ट. एका गंजक्या किल्लीला भलती घाई होती. संध्याकाळपर्यंत तिनं पेटीचं कुलूप उघडलं नाही, तर तिची आणि कुलपाची, दोघांची रवानगी भंगारात होणार होती.

कल्हईवाल्याकडे चिनी मातीचे दोन वाडगे होते. एकात निखळ तेजाब, दुसऱ्यात भरपूर पाणी घातलेलं.

"ये पोरी," पाणी घातलेलं तेजाब म्हणालं. "दुपारपर्यंत बस. गंज तेवढा काढतो."

"दुपारपर्यंत? आजोबा, अंगात दम नाही म्हणून सरळ सांगा की."

"नाहीच. पाणी जितकं जास्त, तितका माझा हात सावकाश. म्हणून तर गंज गेला की तुला वेळेवर उठता येतं."

किल्लीनं नाक मुरडलं आणि निखळ तेजाबात उडी घेतली. वाडगा फसफसून बुडबुड्यांनी भरला. गंज क्षणात गेला. ती "पुरे" म्हणेपर्यंत दातेही गेले.

पण आपल्या स्वच्छ अंगावर खूश होऊन ती ठुमकत कुलपात शिरली आणि नुसतीच गरगर फिरली.

"रूप छान आहे बाई," कुलूप म्हणालं. "आता माझी किल्ली येईपर्यंत जरा बाजूला बसतेस का?"